संध्याकाळी जड होणाऱ्या टोपल्या

७ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, "पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. तीन महिने." मी विचारलं, टूलबॉक्सच्या वजनासकट की सोडून? ते हसले. मी विनोद केला नव्हता. ज्या माणसाने उभ्या जन्मात कॉम्प्रेसर एकट्याने जिना चढवले, त्याला मर्यादा सांगायची तर नेमकी सांगावी.

दुकान भागीदार बघतोय. म्हणजे बघत नाहीये. काल फोनवर म्हणाला, "एका एसीचा गॅस सारखा उतरतोय, गळती सापडत नाही." मी म्हटलं, गळती सापडत नाही असं नसतं, शोधणारा सापडत नाही. फोन ठेवला त्याने.

घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही. फ्रिजच्या दाराचं रबर झालं, बिजागऱ्या झाल्या, नळ झाले. काल हिच्या शिलाई मशीनला तेल दिलं, तर ही म्हणाली, "अहो, ते चालत होतं." आज औषधांच्या दुकानातून (ही तिथे काउंटर सांभाळते) येताना चार तारेच्या टांगत्या टोपल्या घेऊन आली. "बाल्कनीत झाडं लावा. हाताला काहीतरी चाळा हवा तुमच्या, नाहीतर माझं डोकं खाल."

झाडांतलं मला काही कळत नाही. फ्रिजमधलंही कळत नव्हतं. एक उघडला, नीट बघितला, परत लावला. शिकवायला कोणी नव्हतं आणि त्यावाचून अडलंही नाही.

९ फेब्रुवारी

बाल्कनीच्या छताला चार अँकर बोल्ट बसले. भोकं पाडायला दुकानातला माणूस आला होता. मी खाली उभा राहून फक्त बोट दाखवलं, आणि पाठीपेक्षा तेच जास्त दुखलं.

आता वजनाचा हिशोब. टोपली, काथ्याचं अस्तर, माती, रोपं: साडेतीन किलो. पाणी प्यायली की साडेपाच. म्हणजे माझ्या मर्यादेबाहेर. म्हणून प्रत्येक टोपलीला दोन कप्प्या लावल्या, म्हणजे हाताला निम्मंच वजन येतं, आणि भिंतीवर दोरी गुंडाळायला खुंटी. दोरी सोडली की टोपली कमरेपर्यंत खाली येते, पाणी घालावं, परत ओढून घ्यावी. कोणीही करू शकेल. दुकानात असली वस्तू कोणी बघितली असती तर पेटंट घ्या म्हणाला असता. घरात बघायला फक्त मास्तर.

मास्तर म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. लग्न ठरताना मला विचारलं होतं, "शिक्षण?" मी म्हटलं, "हाताला आहे." त्यावर ते काहीच बोलले नाहीत, आणि ते काहीच न बोलणं मी आजवर विसरलेलो नाही. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे आले. मार्चअखेरीस मेहुणा येऊन त्यांना घेऊन जाणार, असं ठरलंय. स्वतःच्या घरी नव्हे, त्याने म्हाताऱ्या माणसांसाठीची कुठलीशी चांगली जागा बघितली आहे. मी म्हटलं, उत्तम. ही "बघू" म्हणते. ही "बघू" म्हणाली की समजावं, ते हिला अजिबात नको आहे. पण माझीही बाजू आहे. बाल्कनीत खुर्ची एकच मावते आणि तिच्यात दिवसभर मास्तर असतात.

आज माझं काम बघून म्हणाले, "मिस्त्री, गाठ सुरेख मारता तुम्ही."

मिस्त्री! पूर्वी निदान "जावईबापू" तरी म्हणायचे. हे नवीन काढलंय महिन्याभरापासून. माझं काम मिस्त्रीचं आहे, त्याची मला लाज नाही, पण सासऱ्याने तोंडावर असं म्हणायचं म्हणजे काय ते न कळण्याइतका मी दुधखुळा नाही. हिला सांगितलं, तर ही एकदम ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छ होता.

१४ फेब्रुवारी

लागवड. तीन टोपल्यांत पेट्युनिया: जांभळा, पांढरा, गर्द लाल. काथ्याच्या अस्तराला बाजूने चिरा दिल्या आणि रोपं आतून बाहेर काढली, मुळांना धक्का न लावता. रोपाची मान कागदाच्या नळीत गुंडाळून ती नळी चिरेतून ओढायची, ही युक्ती मला कोणी सांगितली नाही. तांब्याची पाइप भिंतीतून ओढताना तिचं तोंड मी असंच बांधतो.

चौथ्या टोपलीसाठी नर्सरीवाल्याने एक नेचं, म्हणजे फर्न, फुकट दिलं. "सावलीत ठेवा साहेब, पाणी सोसतं, मरत नाही." फुकट आणि न मरणारं. म्हणजे त्यात काही कसब नाही. भिंतीच्या कोपऱ्यात टांगलं.

१६ फेब्रुवारी

उद्यापासून सकाळी पाठीच्या व्यायामाला जायचंय. म्हणजे माझ्या पाणी घालण्याच्या वेळेला मी घरात नाही, ही कामावर. मास्तरांना म्हटलं, "रोज सकाळी प्रत्येकीला एक मग. फक्त एक. टांगत्या टोपलीला चारही बाजूंनी वारा लागतो, ती झटकन वाळते. एक दिवस जरी राहिलं, तर गेली समजा."

"एक मग. रोज सकाळी," ते म्हणाले. मग म्हणाले, "परत सांगा." मी परत सांगितलं. जेवताना तिसऱ्यांदा विचारलं. गणिताचे मास्तर, आणि एक हा आकडा तीनदा सांगावा लागतो! मी मुद्दाम सावकाश, शब्द तोडून सांगितला. हिने माझ्याकडे असं बघितलं की मी पाणी प्यायलो.

२६ फेब्रुवारी

जांभळ्याला पहिलं फूल. नंतर पांढऱ्याला. खालून जाणारी एक बाई थांबून वर बघत होती. मी आत सरकलो. उगाच उभं राहून कौतुक गोळा करणाऱ्यांतला मी नाही. पडद्याआडून बघितलं, बराच वेळ बघत होती.

४ मार्च

पानं पिवळी पडताहेत. आधी पांढऱ्याची, आज जांभळ्याचीही. खत कमी? नळाच्या पाण्यात क्षार? ऊन? मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो, हा माझा नियम. सगळं एकदम बदललं की काय चुकलं ते कधीच कळत नाही.

पहिला बदल: पाणी आता मीच घालणार, व्यायामाला निघण्याआधी. मास्तरांना सांगितलं, "तुम्ही राहू द्या. उद्यापासून मी बघतो."

"बरं, बरं," म्हणाले आणि खुर्चीतच थोडे पुढे सरकून बसले, जसं काही वर्गात मागच्या बाकावरून पुढे बोलावलंय.

८ मार्च

आज जिन्यात खालच्या वहिनींनी गाठलं. वाळत घातलेला पांढरा शर्ट हातात. शर्टावर मातीचे ओघळ.

"भाऊजी, तुमची बाग छान आहे हो, पण तिची आंघोळ आमच्या कपड्यांवर का?"

मी म्हटलं, "वहिनी, मी पाणी सकाळी एकदाच घालतो. मोजून."

"एकदा? भाऊजी, चार-पाचदा तरी पडतं. दुपारी बारा वाजता पडतं, तीन वाजता पडतं. माझं काय, मी घरातच असते, मला घड्याळ बघायला नको, तुमच्या पाण्यावर कळतं."

बायका अतिशयोक्ती करतात. शर्ट मी धुऊन देतो म्हटलं, तर म्हणाल्या, "नको, तुम्ही इस्त्री दुरुस्त करायला घ्याल." ह्या घराण्यातलं नसूनही सगळ्यांना माझ्याबद्दल एवढं कसं माहीत?

मग जाता जाता म्हणाल्या, "मास्तर बरे आहेत ना? परवा आमच्या दारात उभे होते. बेल वाजवत नव्हते, नुसते उभे."

मजला चुकले असतील. सगळे मजले सारखेच दिसतात. बिल्डरने दारांना एकच रंग दिलाय, त्याला मी काय करणार.

१० मार्च

हिने बाहेरच्या दाराची कडी वर बसवून मागितली. अगदी वर, माझ्या डोक्याच्याही वर. म्हटलं, कशाला? "आजकाल चोऱ्या फार होतात." आतून कडी वर बसवल्याने चोर कसा अडतो, हे मला कळलं नाही, पण चाळा मिळाला. पितळी कडी, चार स्क्रू, लाकडाला आधी बारीक भोक पाडून. एका बोटाने सरकते, आवाज नाही.

मास्तरांच्या गोळ्यांत मी कधी न बघितलेली एक पांढरी गोळी दिसली. ही म्हणाली, व्हिटॅमिन. मी म्हटलं, मला पण दे, पाठीला बरं. "तुमच्यासाठी नाही ते," म्हणाली आणि पट्टी पर्समध्ये टाकली. स्वतःच्या बापाला व्हिटॅमिन, नवऱ्याला चाळा.

१२ मार्च

दुकानातून ताणकाटा मागवला, ज्यावर आम्ही गॅसचे सिलिंडर तोलतो. फार साधं तत्त्व आहे. सिलिंडर हलकं झालं तर गॅस गेला. किती हलकं झालं त्यावरून किती गेला. तसंच टोपलीचं. सकाळी पाणी घातल्यावर तोलायची, संध्याकाळी तोलायची, मधला फरक वाऱ्याने आणि उन्हाने नेलेलं पाणी.

सकाळी पांढरी: पाच किलो दोनशे.
संध्याकाळी पांढरी: पाच किलो आठशे.

काटा तपासला. एक किलोच्या साखरेच्या पुड्याने तपासला. काटा बरोबर आहे.

१३ मार्च

आजही तेच. तिन्ही पेट्युनिया संध्याकाळी जड. गॅस भरल्याशिवाय सिलिंडर जड होत नाही. म्हणजे कोणीतरी भरतंय.

हिला विचारलं. आधी म्हणाली, काय की. मग म्हणाली, "मीच घालते. कामावरून आल्यावर. वाळल्यासारखी वाटतात."

"तू संध्याकाळी येतेस. वहिनी म्हणतात बारा वाजता, तीन वाजता."

"वहिनींना काय कळतंय."

मी तिला बसवून समजावलं. मुळांनाही श्वास लागतो, माती सतत ओली राहिली की मुळं गुदमरतात, झाड पाण्यात उभं राहून तहानेने मरतं. ही ऐकत होती. कधी नव्हे ती पूर्ण ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे जास्त काळजीनेच मरतं." मी म्हटलं, काळजीने नाही, पाण्याने. जे आहे ते बोलावं.

१६ मार्च

पांढरी गेली. टोपली खाली घेऊन उघडली. मुळं तपकिरी, हातात धरली की साल निसटून येत होती, आणि कुबट वास. चाळीस नाही, चारशे वेळा तपासलेल्या मातीत!

ही आतून आली, बघितलं आणि रडायला लागली. हिच्या डोळ्यांत एवढं पाणी मी सासूबाईंच्या वेळी बघितलं होतं. एका झाडासाठी? मी म्हटलं, अगं, दुसरं आणू. तर म्हणाली, "आणा. दहा आणा. पण कोणाला काही बोलू नका."

"कोणाला म्हणजे?"

"कोणालाच."

मास्तर खुर्चीत होते. त्यांनी विचारलं, "मिस्त्री, ही वाळली का?" मी म्हटलं, "वाळली नाही, बुडाली." ते हात एकमेकांवर चोळत राहिले. मला तेव्हाच कळलं. चेहरा बोलतो माणसाचा. मी त्यांच्याकडून काम काढून घेतलं, ते त्यांना लागलं. सरळ बोलणार नाहीत, आयुष्यात कधी बोलले नाहीत. आता माझ्या पाठीमागे पाणी घालून माझी बाग बुडवताहेत. आणि ही बापाला पाठीशी घालतेय.

उभ्या गावाच्या गळत्या शोधतो मी. माझ्याच घरात मात्र दिव्याखाली अंधार.

१८ मार्च

मेहुण्याचा फोन. येत्या रविवारी येतोय. "भावोजी, जागा पक्की झाली. बाग आहे, दोन वेळा डॉक्टर येतात, नर्स असते रात्रंदिवस."

"नर्स कशाला?"

"असलेली बरी. तुम्ही फार केलंत, मला जाणीव आहे. तुमची पाठ, ताईची नोकरी. बाबांचं सामान काही फार नसेल, नाही?"

मी म्हटलं, एक बॅग. बोलताना बरं वाटलं, ठेवल्यावर तितकंसं नाही. ही दाराशी उभी होती. म्हणाली, "काय म्हणाला?" मी सांगितलं. ही "बघू" सुद्धा म्हणाली नाही.

रागाच्या भरात मीच म्हटलं, "बागेत राहू दे त्यांना. तिथे हवं तेवढं पाणी घालू दे." माझी जीभ जरा सैल आहे. पण खोटं काय बोललो? रविवारपर्यंत रंगेहाथ पकडतो, मग हिलाही बोलायला जागा राहणार नाही.

२० मार्च

जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी टोपल्यांना पाणी घातलं, व्यायामाला निघालो असं सांगितलं, दार ओढून घेतलं. जिन्यात थोडा वेळ थांबलो आणि किल्लीने आत आलो. बिजागऱ्या मीच तेल दिलेल्या, आवाज नाही. बाल्कनीच्या पडद्याआड उभा राहिलो. पाठ ठणकत होती, पण हलत नव्हतो.

मास्तर उठले. मोरीतून मग भरून आणला. दोरी सोडली, टोपली खाली घेतली, सावकाश पाणी घातलं, चारही कडांनी, थेंब बाहेर न सांडता. परत वर. दोरी खुंटीला गुंडाळून माझीच गाठ मारली. मला हसूच आलं, गाठ तंतोतंत जमली होती. बाकीच्या टोपल्यांनाही असंच. मग खुर्चीत बसले.

पकडायचंच होतं. पण माझा नियम आहे, यंत्र एकदा चालताना बघून भागत नाही.

थोड्या वेळाने ते वर बघायला लागले. टोपलीकडे, मग आत दाराकडे, मग टोपलीकडे. ओठ हलत होते. बोटं मोजल्यासारखी करत होते. घाईघाईने उठले, बस सुटत असल्यासारखे, आणि हातात मग घेऊन मोरीकडे गेले.

परत सगळ्या टोपल्या. तसंच सावकाश. तशीच गाठ. बसले.

तिसऱ्यांदा उठले तेव्हा मी पडद्यातून बाहेर आलो. जे काय बोलायचं ते रात्रीपासून पाठ केलं होतं.

ते दचकले. मग माझा दंड धरून बाजूला घेतलं. "या मिस्त्री. हळू बोला, आमचे जावई आत असतील."

मी मागे वळून बघितलं. खरंच बघितलं, आत कोणी आहे का.

"सकाळचं पाणी राहिलंय बहुतेक," ते म्हणाले. "त्यांनी बजावून सांगितलंय. एक दिवस जरी राहिलं, तर गेली समजा."

"आत्ताच घातलंत ना?"

"मी?" त्यांनी हातातल्या मगाकडे बघितलं. मग ओला होता. उत्तर बरोबर आहे पण रीत कुठे लिहिलेलीच नाही अशा पोराच्या वहीकडे बघावं, तसे बघत राहिले.

मी विचारलं, "जावई रागीट आहेत का तुमचे?" का विचारलं, माहीत नाही.

"छे. रागीट नाही. नेमके आहेत." मग हसले. "नेमक्या माणसाच्या घरात राहणं म्हणजे रोज परीक्षा. मी तसाच होतो, माझ्या पोरांना विचारा. बोलतात जरा जास्त. पण हात सोन्याचा. ह्या कप्प्या बघितल्यात? दोन लावल्यात, म्हणजे वजन निम्मं. कोणी शिकवलं नाही त्यांना. लग्नाच्या वेळी मी विचारलं, शिक्षण काय, तर म्हणाले, हाताला आहे." मास्तरांनी माझ्या दंडावर थाप मारली. "काय उत्तर दिलं! इतकी वर्षं पोरांची उत्तरं तपासली, पण असं उत्तर नाही ऐकलं. मला पुढे बोलायला शब्दच सुचला नाही."

टोपल्यांतून पाणी टपकत होतं. खालून वहिनींच्या खिडकीचा आवाज आला.

"तुम्ही त्यांना सांगू नका," मास्तर म्हणाले, "पाणी राहिलं होतं ते."

मी म्हटलं, "नाही सांगत."

"मग जरा दोरी धरा."

मी दोरी धरली. त्यांनी पाणी घातलं. एक मग. मोजून.

२० मार्च, संध्याकाळ

ही आली तेव्हा मी नुसतं म्हटलं, "व्हिटॅमिन कधीपासून चालू आहे?"

ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून बसली. गेल्या पावसाच्या आधीपासून, म्हणाली. डॉक्टरांकडे एकटीच घेऊन गेली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना दुरुस्त करायला घेतलं असतंत." मग म्हणाली, "आणि जे दुरुस्त होत नाही, त्याचं तुम्ही काय करता, ते मी इतकी वर्षं बघतेय हो."

दुकानाच्या मागे मी भंगाराचा ढीग ठेवतो. तिला तेच म्हणायचं होतं. वर कडी बघितली. सुंदर बसली आहे.

२१ मार्च

व्यायामाला गेलो नाही. सकाळपासून विचार करतोय.

मास्तरांना "घालू नका" सांगून बघितलं आहे, ते पालथ्या घड्यावर पाणी. पाण्याचा मग लपवता येईल. मोरीला कुलूप लावता येईल. कप्प्या काढता येतील. सगळं जमण्यासारखं आहे, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर ते एकमेकांवर चोळलेले हात येतात.

दुपारी मास्तर उठले, मग भरून आणला, मी बघत बसलो. आणि तेव्हा नजर कोपऱ्यात गेली. नेचं. फुकटचं, न मरणारं. त्यालाही तेवढंच पाणी मिळत असणार, की जास्तच. पानं पार खुंटीपर्यंत लोंबलेली, हिरवीगार. महिनाभर मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं.

जिथे गळती थांबवता येत नाही तिथे आम्ही काय करतो? पाणी कुठे जायला हवं ते ठरवतो. प्रत्येक एसीच्या पोटात पाणी साचतंच. ते थांबवत नाही कोणी. त्याला वाट देतात.

नर्सरीवाल्याला फोन केला. तीन नेची.

"साहेब, पेट्युनियाचं काय झालं?"

"त्यांना आमचं घर मानवलं नाही."

२३ मार्च

तिन्ही टोपल्या रिकाम्या करून नव्याने भरल्या. तळाला विटांचे तुकडे, त्यावर लोणारी कोळसा, मग नारळाच्या सोडणाचे जाड तुकडे, माती नावापुरती. दहा मग ओतले तरी दहाही खाली येतील आणि मुळांना श्वास राहील. लाल गेला होता, जांभळा पेट्युनिया अजून जिवंत होता. तो वेगळ्या कुंडीत, स्वयंपाकघराच्या खिडकीत, हिच्या ताब्यात.

प्रत्येक टोपलीखाली पत्र्याचं ताट लटकवलं, ताटाच्या तळाला एसीची ड्रेन पाइप, चारही पाइप भिंतीलगत उतार देऊन बाल्कनीच्या सांडपाण्याच्या जाळीत. एका मीटरला एक सेंटीमीटर उतार, मास्तरांनीच काढून दिला. पट्टी मागितली आणि भिंतीवर पेन्सिलने खुणा करत गेले, एकही चुकली नाही. मधेच विचारलं, "मिस्त्री, हे कोणाचं घर?" मी म्हटलं, "तुमच्या मुलीचं." "मग काम चोख करा," म्हणाले.

ही पाइप धरून उभी होती. माझ्या पाठीला मलम लावताना नेहमीपेक्षा जोराने चोळलं.

२४ मार्च, रविवार

मेहुणा आला. आल्या आल्या बॅग शोधायला लागला. ही आत गेली आणि बाहेर आली नाही.

मी म्हटलं, "मला पाच किलोच्या वर मनाई आहे. टोपल्या कोण ओढणार?"

"भावोजी, टोपल्या?"

"चार आहेत. पाणी प्यायल्या की जड होतात."

तो माझ्याकडे बघत राहिला. पाठीबरोबर डोकंही गेलं की काय, असं त्याला वाटलं असणार. मग हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या लक्षात नाही आलं का? बाबांना आता काही आठवत नाही. केलेलं लक्षात राहत नाही."

"इथे लक्षात ठेवण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. बघून घे," मी म्हटलं आणि त्याला बाल्कनीत नेलं. उतार दाखवला, ताट दाखवलं, स्वतः दोन मग ओतून दाखवले. पाणी कसं वळणं घेत जाळीत गेलं! तो "छान, छान" म्हणाला. त्याला यातलं ओ की ठो कळलं नाही.

"पुढे वाढणार आहे हे, भावोजी. आज पाणी आहे, उद्या गॅसची शेगडी असेल."

हे त्याचं बरोबर होतं, आणि बरोबर माणसाशी भांडता येत नाही. मी म्हटलं, "शेगडीचा गॅस बंद करायचा वॉल्व्ह उद्याच बाहेर, त्यांचा हात पोचणार नाही असा उंच बसवतो. परवाचं परवा. तू महिन्यातून दोन रविवार येऊन बस, म्हणजे तुझ्या ताईला बाहेर पडता येईल. त्या जागेला फोन करून नाही सांग."

आत भांडं पडलं. मुद्दाम पाडल्यासारखं नव्हतं.

मास्तरांनी मेहुण्याला विचारलं, "आपण कोण?" मग माझ्याकडे बोट करून, "हे आमचे मिस्त्री." मेहुण्याचा चेहरा उतरला. मी त्याला म्हटलं, "मनावर घेऊ नकोस. मला पण सवय व्हायला वेळ लागला."

२ एप्रिल

शेगडीचा वॉल्व्ह बाहेर, उंचावर. खालच्या वहिनींनी पांढरे कपडे वाळत घातलेत. जिन्यात म्हणाल्या, "भाऊजी, आता वेळ कळत नाही हो, घड्याळ घ्यावं लागणार." भागीदाराचा फोन आला, त्या एसीची गळती सापडली म्हणाला. कशी सापडली ते विचारायचं राहून गेलं.

ताणकाटा दुकानात परत पाठवला.

सकाळी बाल्कनीत मी आणि मास्तर. मी आता स्वयंपाकघरातली खुर्ची आणतो, थोडी तिरकी लावली की दोन मावतात. ते पाणी घालून बसले होते. चारही ताटांतून टपटप चालू होती, नेच्यांची टोकं अजून हलत होती. त्यांनी वर बघितलं, दाराकडे बघितलं, हात एकमेकांवर चोळायला घेतले.

"मिस्त्री, पाणी राहिलं का हो यांचं?"

पाइपमधून पाणी वाजत खाली चाललं होतं. मी म्हटलं, "हो मास्तर. तुमचीच वाट बघतायत."

ते उठले. मी दोरी धरली.